संगणक नूतनीकरण, घरगुती

घरगुती वापरातील जुन्या वैयक्तिक संगणकाचे मदरबोर्ड, सूक्ष्मप्रक्रियक, रॅम, विद्युत् पुरवठा संच यांसारखे घटक बदलून किंवा त्यांत भर घालून त्याची कार्यक्षमता वाढविणे, यास संगणकाचे नूतनीकरण म्हणतात. असे करताना हार्ड डिस्क, घनावस्था संचयक, प्रकाशीय तबकडीचा ड्राइव्ह इ. संचयन साधने पुष्कळदा तशीच ठेवून नव्या रचनेत पुन्हा वापरली जातात. यामागे खर्चाची बचत हे एक कारण असते; तथापि अधिक महत्त्वाचे कारण निराळे आहे. सूक्ष्मप्रक्रियक किंवा रॅम निकामी झाल्यास तसाच दुसरा घटक विकत मिळू शकतो; संचयन साधनात साठविलेली छायाचित्रे, पत्रव्यवहार, हिशेब, हस्तलिखिते यांची दुसरी प्रत नसेल, तर ती कोणत्याही किंमतीला परत मिळत नाहीत. म्हणून संचयन साधनाचा विचार दोन दृष्टींनी करावा लागतो : एक, यंत्राचा सुटा भाग म्हणून व दुसरा, त्यातील मजकुराचे पात्र म्हणून. या दोन दृष्टींची गल्लत झाल्यामुळे नूतनीकरणात सर्वाधिक हानी होते.

इतिहास : संगणकाला जोडलेली पहिली चुंबकीय हार्ड डिस्क आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ या यंत्रणेबरोबर बाजारात आणली. तीत सुमारे ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व एकूण धारणक्षमता ५० लाख अक्षरांची होती. घरगुती संगणकात मावेल अशा आकाराची हार्ड डिस्क १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी (नंतरची सीगेट) या कंपनीने तयार केली; तिची धारणक्षमता ५ मेगाबाइट होती. आय. बी. एम.चा वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पुढील आवृत्ती एक्स. टी. ही १९८३ मध्ये १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आली. या संगणकाची रचना खुली होती व त्यातील कार्डे खाचांमध्ये बसविलेली होती. त्यामुळे निरनिराळ्या निर्मात्यांचे भाग एकमेकांत बसविणे शक्य झाले आणि घटक-बदलाने नूतनीकरण करण्याची प्रथा येथूनच रूढ झाली.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल झाले आणि वैयक्तिक संगणकांचा प्रसार वाढला. पुढे सुटे भाग विकत घेऊन जुळविलेला, म्हणजे ‘असेंबल केलेला’, संगणक घराघरांत दिसू लागला. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता, पुण्यातील तपकीर गल्ली, दिल्लीतील नेहरू प्लेस या बाजारपेठा अशा भागांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहेत. असा संगणक मुळातच सुट्या भागांचा असल्यामुळे त्याचे नूतनीकरण तुलनेने सोपे असते. याउलट अनेक सडपातळ लॅपटॉप संगणकांत रॅम व काहींत संचयकही मदरबोर्डवर डाखलेले असतात. तेथे नूतनीकरणास फारसा वाव राहत नाही.

जोडणीच्या पद्धती : जुने संचयन साधन नव्या संगणकात वापरता येईल की नाही, हे प्रथम त्याच्या जोडणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. १९८० नंतरच्या दशकातील आरंभीच्या हार्ड डिस्कचे नियंत्रक कार्ड वेगळे असे व डिस्कवरील चुंबकीय आखणी त्या कार्डाशी जुळलेली असे. त्यामुळे डिस्क एका संगणकातून काढून दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला जोडल्यास ती वाचता येत नसे. १९८६ च्या सुमारास नियंत्रक डिस्कवरच बसविण्याची आय. डी. ई. ही पद्धत पुढे आली आणि १९९४ मध्ये ए. टी. ए. या नावाने तिचे अमेरिकन मानक प्रसिद्ध झाले. हीत ४० टाचण्यांची रुंद, चपटी केबल असते. एका केबलला दोन साधने जोडता येतात. त्यांपैकी ‘मास्टर’ कोणते व ‘स्लेव्ह’ कोणते, हे साधनावरील लहान जंपर बसवून ठरवावे लागते. दोन्हींचे जंपर एकाच स्थितीत राहिल्यास बहुधा दोन्ही साधने दिसेनाशी होतात आणि साधनच बिघडले, असा चुकीचा समज होतो.

२००३ पासून प्रचारात आलेल्या साटा पद्धतीत माहिती एकामागून एक बिट अशा क्रमाने अरुंद केबलमधून जाते. माहितीच्या जोडाला ७ व विद्युत् पुरवठ्याच्या जोडाला १५ संपर्क असतात. प्रत्येक साधनाला स्वतंत्र केबल असल्याने मास्टर-स्लेव्ह हा भेद उरत नाही. या पद्धतीचा वेग दर सेकंदाला प्रथम १·५, नंतर ३ व २००९ पासून ६ गिगाबिट असा वाढत गेला. भिन्न वेगांची साधने व नियंत्रक सामान्यतः आपसांत जुळवून घेतात. मात्र आरंभीच्या काही नियंत्रकांना हे साधत नसे, म्हणून कित्येक डिस्कवर वेग १·५ गिगाबिटपुरता मर्यादित करणारा जंपर ठेवलेला असे. २०११ मध्ये एन. व्ही. एम. ई. या पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. तीत घनावस्था संचयक सूक्ष्मप्रक्रियकाशी जलद पी. सी. आय. एक्सप्रेस मार्गाने जोडला जातो. अशा संचयकासाठी एम. टू नावाची खाच वापरतात. त्याच आकाराचे साटा पद्धतीचे संचयकही मिळतात. म्हणून केवळ आकारावरून सुसंगतता ठरविता येत नाही. काही मदरबोर्डांवर एम. टू खाच वापरात आणली की, एक-दोन साटा जोड आपोआप बंद होतात. जुन्या डिस्क राखून नवा संचयक बसविणाऱ्याने मदरबोर्डाच्या माहितीपुस्तिकेतील हा तपशील आधी पाहणे इष्ट असते.

इंटेल कंपनीने २००६ पासूनच्या आपल्या बहुतेक नव्या चिपसंचांतून जुन्या ए. टी. ए. जोडणीचा आधार काढून टाकला. त्यामुळे आजच्या मदरबोर्डावर ४० टाचण्यांचा जोड आढळत नाही. अशी डिस्क वाचण्यासाठी विस्तार कार्ड किंवा यू. एस. बी. परिवर्तक वापरतात. ८·९ सेंमी. फ्लॉपीसाठी यू. एस. बी. ड्राइव्ह मिळतात, १३·३ सेंमी. फ्लॉपीसाठी मात्र त्या काळचा ड्राइव्ह व त्याचे नियंत्रक, किंवा चुंबकीय संकेत जसेच्या तसे नोंदविणारे विशेष उपकरण लागते.

धारणक्षमतेच्या मर्यादा : डिस्कवरील माहिती ५१२ बाइटांच्या सेक्टरांत विभागलेली असते व प्रत्येक सेक्टराला पत्ता असतो. पत्ता लिहिण्यासाठी जितके बिट राखून ठेवलेले असतात, तितक्याच सेक्टरांपर्यंत संगणक पोहोचू शकतो. जुन्या संगणकांत बायोस व ए. टी. ए. यांच्या पत्तापद्धतींच्या संयोगामुळे १,०२४ सिलिंडर, १६ शीर्षे व ६३ सेक्टर यांपलीकडे जाता येत नसे. म्हणजे कमाल मर्यादा सुमारे ५२८ मेगाबाइट होती. पुढे २८ बिटांच्या पत्त्यामुळे ही मर्यादा सुमारे १३७ गिगाबाइट झाली. ती ४८ बिटांच्या पत्त्याने दूर झाली. डिस्कच्या आरंभी विभागांची नोंद करणाऱ्या एम. बी. आर. या जुन्या कोष्टकात ३२ बिटांचे पत्ते असल्यामुळे सुमारे २·२ टेराबाइटपलीकडील जागा वापरता येत नाही, त्यासाठी जी. पी. टी. हे नवे कोष्टक लागते. म्हणून जुन्या संगणकात मोठी डिस्क बसविताना केवळ जोड जुळून भागत नाही. बायोस, विभाग-कोष्टक व परिचालन प्रणाली या तिन्हींना ती पूर्ण क्षमतेने ओळखता आली पाहिजे.

गती : नूतनीकरणाचा परिणाम कोणत्या घटकात सर्वाधिक जाणवेल, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास ८·३ मिलिसेकंद लागतात. म्हणून हवा असलेला सेक्टर शीर्षाखाली येण्यास सरासरी ४·२ मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य मार्गावर नेण्यास आणखी सुमारे ८ ते १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेली माहिती शोधताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७०-८० वेळा उत्तर देऊ शकते. घनावस्था संचयकात फिरणारा भाग नसल्याने हा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. संगणक सुरू होणे किंवा कार्यक्रम उघडणे ही कामे अशाच विखुरलेल्या वाचनाची असतात. म्हणून जुन्या संगणकात परिचालन प्रणालीसाठी लहानसा घनावस्था संचयक बसविणे व जुनी हार्ड डिस्क मोठ्या, क्वचित लागणाऱ्या धारिकांसाठी ठेवणे, हा कमी खर्चात सर्वाधिक लाभ देणारा उपाय ठरतो. संचयक जुन्या ३ गिगाबिटच्या जोडावर बसविल्यास त्याचा सलग वाचनाचा वेग निम्म्यावर येतो. परंतु विखुरलेल्या वाचनातील लाभ बव्हंशी टिकून राहतो.

रॅम वाढविणे हा दुसरा प्रभावी उपाय होय. रॅम अपुरी पडली की, परिचालन प्रणाली तिच्यातील काही मजकूर तात्पुरता डिस्कवर हलविते व संगणक मंदावतो. रॅमच्या पट्ट्यांच्या पिढ्या मात्र अदलाबदल करण्याजोग्या नसतात : डी. डी. आर. २, ३, ४ व ५ यांचे विद्युत् दाब अनुक्रमे १·८, १·५, १·२ व १·१ व्होल्ट असून चुकीची पट्टी बसू नये म्हणून त्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या असतात. पट्टी सहज बसत नसेल, तर जोर लावणे हा उपाय नव्हे. तसेच ३२ बिटांच्या परिचालन प्रणालीला ४ गिगाबाइटपलीकडील रॅमचा घरगुती वापरात सामान्यतः लाभ मिळत नाही.

विद्युत् पुरवठा : हार्ड डिस्कचे चलित्र १२ व्होल्टवर व इलेक्ट्रॉनीय मंडले ५ व्होल्टवर चालतात, ६·४ सेंमी. वर्गातील लहान डिस्क बहुधा केवळ ५ व्होल्टवर चालते. चलित्र सुरू होताना काही सेकंद नेहमीपेक्षा कितीतरी अधिक विद्युत् प्रवाह ओढते. म्हणून अनेक डिस्क एकत्र असल्यास पुरवठा संचाची क्षमता पुरेशी हवी. जुन्या संचातील विद्युत् विच्छेद्य धारित्रे कालांतराने सुकतात किंवा फुगतात व दाबात चढउतार होतात. संगणक अधूनमधून बंद पडणे, डिस्क मध्येच दिसेनाशी होणे यांचे मूळ पुष्कळदा डिस्कमध्ये नसून येथे असते.

काही पुरवठा संचांच्या केबली दोन्ही टोकांनी काढता येतात. त्यांची डिस्ककडील बाजू प्रमाणित असते. परंतु संचाकडील बाजूस कोणत्या टाचणीवर कोणता दाब असावा, याविषयी सर्व निर्मात्यांना समान असे मानक नाही. त्यामुळे जुन्या संचाची केबल नव्या संचाला आकाराने बरोबर बसली, तरी ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट येऊ शकतात आणि जोडलेल्या सर्व डिस्क क्षणात जळू शकतात. पुरवठा संच बदलला की त्याच्याबरोबर आलेल्याच केबली वापराव्यात, हा नियम म्हणून कटाक्षाने पाळावा लागतो.

कार्यपद्धती : कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी जुन्या डिस्कचे परीक्षण करतात. बहुतेक डिस्क स्वतःच्या स्थितीची नोंद ठेवतात. या स्मार्ट नावाच्या नोंदीत बदली दिलेल्या व वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या पाहावी. ही संख्या वाढत असेल किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती पुन्हा वापरण्याचा विचार सोडून तिच्यातील मजकूर प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावा. नोंद निर्दोष असली, तरी ती डिस्क टिकेल याची हमी नव्हे; अनेक डिस्क पूर्वसूचना न देताच बंद पडतात. म्हणून राखीव प्रत घेणे ही नूतनीकरणाची पहिली पायरी होय. दर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइट मजकुराची प्रत होण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात. प्रत झाल्यावर तिच्यातील काही धारिका प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात.

डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास विशेष काळजी लागते. विंडोजमधील बिटलॉकर या सोयीची गुरुकिल्ली बहुधा मदरबोर्डावरील टी. पी. एम. या सुरक्षा घटकाशी निगडित असते. मदरबोर्ड बदलला की डिस्क ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागते. ती हाताशी नसेल, तर मजकूर निर्दोष असूनही कायमचा हातचा जातो. काही बाह्य हार्ड डिस्कच्या पेटीतील मंडलच कूटबद्धीकरण करते. अशी डिस्क पेटीतून काढून संगणकात बसविल्यास ती कोरी असल्याचे भासते व संगणक ती स्वरूपित करण्याची सूचना देतो. ही सूचना स्वीकारू नये.

घटक हाताळण्यापूर्वी विद्युत् पुरवठा तोडून पेटीच्या धातूच्या अनावृत भागास स्पर्श करावा, म्हणजे शरीरावरील स्थिर विद्युत् भार निघून जातो. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या हवेत असा भार सहज साठतो. कोकणातील दमट हवेत तो कमी साठतो. पण तेथे संपर्कांवर गंज चढण्याची शक्यता अधिक असते. मदरबोर्डावरील ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी जुनी झाली असल्यास ती याच वेळी बदलतात. ती संपली की घड्याळ मागे जाते व बायोसमधील निवडी मूळ स्थितीला येतात. साटा नियंत्रकाची कार्यरीत अशा प्रकारे बदलल्यास पूर्वी चालणारी विंडोज प्रणाली सुरू होत नाही. अशा वेळी डिस्क पुसण्याची गरज नसते. पूर्वीची कार्यरीत निवडली की प्रणाली बहुधा पूर्ववत चालते.

नव्या संचयकावर परिचालन प्रणाली बसविताना जुन्या डिस्कच्या केबली काढून ठेवाव्यात. यामुळे चुकीची डिस्क स्वरूपित होण्याचा धोका टळतो, तसेच प्रणाली सुरू करणारा छोटा विभाग जुन्या डिस्कवर तयार होत नाही. तसे झाल्यास पुढे ती डिस्क काढल्यावर नवा संगणक सुरूच होत नाही. प्रणाली बसल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क जोडतात. तिच्यावरील आधीच्या वापरकर्त्याच्या धारिका उघडण्यास परवानगी नाही, असा संदेश आल्यास ते बिघाडाचे लक्षण नसते. धारिकांची मालकी नव्या वापरकर्त्याच्या नावे करावी लागते.

परिचालन प्रणालीची निवड : विंडोज एक्स. पी. या प्रणालीचे सुरक्षाविषयक पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टी. पी. एम. २·० व तुलनेने नवा सूक्ष्मप्रक्रियक ही अधिकृत अट असल्यामुळे चालू स्थितीतील कित्येक संगणक तिच्या कक्षेबाहेर राहिले. अशा संगणकांवर लिनक्सवर आधारलेली एखादी प्रणाली बसविता येते. तिच्यात बहुतेक घटकांचे चालक-कार्यक्रम आधीच समाविष्ट असतात आणि विंडोजने आखलेल्या डिस्कवरील धारिकाही तिला वाचता येतात.

मराठी मजकुराचा प्रश्न : जुन्या डिस्कवरील मराठी दस्तऐवजांबाबत आणखी एक अडचण उद्‌भवते. देवनागरीसह भारतीय लिप्यांसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये निश्चित झाले व त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. तथापि पुढील अनेक वर्षे मराठी अक्षरजुळणी मुख्यतः विशिष्ट फॉन्टांच्या आधारे होत असे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅकची) आय. एस. एम. ही प्रणाली, तसेच श्री-लिपी यांसारख्या प्रणाली यासाठी वापरल्या जात. अशा फॉन्टात देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. नव्या संगणकात तो फॉन्ट नसल्यास मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक मालिका म्हणून दिसतो आणि धारिका बिघडल्याचा समज होऊन ती पुसली जाण्याचा संभव असतो. वस्तुतः मजकूर शाबूत असतो. म्हणून नूतनीकरणापूर्वी जुन्या संगणकातील फॉन्ट जपून ठेवावेत व परिवर्तक कार्यक्रमाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनात रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे यांत चुका राहतात. त्यामुळे मूळ धारिका तशीच ठेवून परिवर्तित प्रत मुद्रित शोधनाप्रमाणे तपासणे आवश्यक असते.

मर्यादा व विल्हेवाट : पुन्हा वापरलेल्या डिस्कचे वय नव्या घटकांच्या संगतीत कमी होत नाही. म्हणून तिच्यावर कोणत्याही मजकुराची एकमेव प्रत ठेवू नये. निदान एक प्रत दुसऱ्या साधनावर व शक्यतो दुसऱ्या जागी असावी. घनावस्था संचयकात माहिती विद्युत् भाराच्या रूपाने राहते व तो भार हळूहळू गळतो. त्यामुळे पुरवठ्याविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यास तो योग्य नव्हे.

साधन निवृत्त करताना त्यातील खाजगी मजकूर नष्ट करावा लागतो. केवळ धारिका पुसल्याने तो नष्ट होत नाही. हार्ड डिस्कवर सर्वत्र नवी माहिती लिहिली, म्हणजे पुरते. घनावस्था संचयक लेखनाच्या जागा स्वतःच बदलत असल्याने त्यासाठी त्याच्या नियंत्रकातील पूर्ण-पुसण्याची आज्ञा वापरतात. टाकाऊ भागांत शिसे व इतर घातक द्रव्ये, तसेच तांबे, सोने यांसारखे परत मिळविण्याजोगे धातू असतात. भारतात ई-कचऱ्यासंबंधीचे नियम प्रथम २०११ मध्ये करण्यात आले. २०२२ मध्ये केलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार असे भाग नोंदणीकृत पुनश्चक्रणकर्त्यांकडे जाणे अपेक्षित आहे. नूतनीकरणामुळे पेटी, पडदा, कळफलक व सुस्थितीतील संचयन साधने आणखी काही वर्षे वापरात राहतात आणि या कचऱ्यात पडणारी भर लांबणीवर पडते.